माळ्यावरची बिननावाची बाई

टोर्किल ब्रामसनला चित्रकार व्हायची हौस कधीच नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे सोसायटीच्या इतिवृत्तात या प्रकरणाबद्दल बरंच काही नोंदवलं गेलं आणि ते जवळजवळ सगळं त्याच्याच हातचं आहे. ओडेन्स नगरपालिकेच्या पाणीमीटर खात्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. एवढ्या काळात त्याने कागदावर आकड्यांखेरीज काहीही काढलं नव्हतं. त्याला हवं होतं फक्त एका प्रश्नाचं उत्तर, आणि तो प्रश्न निघाला पुतणीच्या तांब्याच्या लग्नात.

रुपेरी लग्नाची अर्धी वाट चालून झाली, म्हणजे साडेबारा वर्षं भरली, की तांब्याचं लग्न करायचं, ही तिकडची रीत. जेवण झालं, भाषणं झाली, प्रत्येक नातेवाइकाने रचून आणलेलं गाणं सगळ्यांनी मिळून म्हणून झालं, आणि आता लोक घरी जातात की काय अशी भीती वाटून पुतणीने एक खेळ काढला. नवऱ्यांनी खुर्ची फिरवून बायकोकडे पाठ करायची आणि तिच्या डोळ्यांचा रंग सांगायचा. टोर्किलने फार विचार केला नाही. डेन्मार्कात असा प्रश्न आला की निळा म्हणून मोकळं व्हावं, बहुतेक वेळा माणूस पास होतो.

"निळा," तो ठणकावून म्हणाला.

मंडळी टेबलं बडवून हसली. हसली नाही ती एकटी एलिनोर, त्याची बायको. तिने खुर्ची सरळ केली आणि शांतपणे केकचा उरलेला तुकडा संपवला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्याने विषय काढला.

"मग कुठला रंग आहे?"

"बघ आणि सांग."

"अगं सांग की. एवढ्याशा गोष्टीचं काय!"

एलिनोरने सुरी खाली ठेवली. ती शाळेच्या दंतचिकित्सालयात मदतनीस होती आणि माणसाला तोंड उघडायला लावून गप्प कसं बसवायचं, हे तिला ठाऊक होतं. "मी दिवसाला तीस पोरांच्या दाढा बघते. कुणाची कुठली किडलीय ते मला नावानिशी पाठ आहे. तू पंचवीस वर्षं माझ्यासमोर बसून राय ब्रेड खातोयस. टोर्किल, तू नक्की कुणाबरोबर राहतोयस?"

टोर्किल म्हणाला, "हं."

"मे महिन्यात आपलं रुपेरी लग्न आहे. सोसायटीची व्हिबेके हाच खेळ घेणार आहे, मीच सांगितलंय तिला. तेव्हा परत निळा म्हणालास ना, तर लोक हसतील ते हसतील. मला मात्र खरंच वाईट वाटेल."

एलिनोर वाईट वाटल्याचं दर दहा वर्षांनी एकदा सांगत असे, आणि ते तिला पुढची दहा वर्षं वाटत असे. टोर्किल घाबरला.

त्याने त्याच दिवसापासून बघायला सुरुवात केली. पण पंचवीस वर्षं न बघितलेल्या माणसाने एकदम बघायला लागायचं म्हणजे सोपं नसतं. त्याने नजर उचलली की एलिनोर विचारायची, "काय झालं? तोंडाला काही लागलंय?" दुसऱ्यांदा उचलली की विचारायची, "पाठ दुखतेय का तुझी?" तिसऱ्यांदा तिने डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरांनी त्याचा रक्तदाब तपासला आणि मीठ कमी करायला सांगितलं.

शेवटी मार्ग निघाला तो घराच्या पॅसेजमध्ये. रोज सकाळी सात पस्तीसला एलिनोर तिथल्या आरशासमोर उभी राहून गळ्याला स्कार्फ बांधायची आणि टोर्किल तिच्या मागे तिचा कोट उघडा धरून उभा राहायचा. साखरपुडा झाल्यापासूनची ही पद्धत होती, त्यामुळे त्याचा कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. तिचं लक्ष गाठीकडे असायचं. टोर्किलला तिच्या खांद्यावरून आरशातला तिचा चेहरा अख्खा मिनिटभर फुकटात दिसायचा. पहिल्याच दिवशी त्याला कळलं की डोळे राखाडी आहेत.

प्रश्न इथे सुटला होता. शहाण्या माणसाने 'राखाडी' असं खिशातल्या वहीत लिहून मे महिन्याची वाट बघितली असती. पण टोर्किलचा अपमान चारचौघांत झाला होता, आणि एका शब्दाने तो भरून निघेल असं त्याला वाटेना. ऑफिसच्या सहलीत एका संग्रहालयात त्याने एका बाईचं तैलचित्र बघितलं होतं. धुक्यातून बघावं तसं, मऊ, गालाची कड कुठे संपते आणि मागचा अंधार कुठे सुरू होतो ते कळूच नये असं. त्याने ठरवलं की मे महिन्यात प्रश्न आला की आपण तोंडाने काही बोलायचं नाही, फक्त चित्रावरचं फडकं ओढायचं. शिवाय ज्याला कडा काढता येत नाहीत त्याने बिनकडांचाच प्रकार निवडावा, यात त्याला मोठा शहाणपणा दिसला.

तळमजल्यावर आस्कर राहत असे. वय अठ्ठ्याहत्तर, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, आणि उभा जन्म घरं रंगवण्यात गेलेला. सगळी इमारत त्याला अजून मेस्टर, म्हणजे उस्ताद, म्हणायची. टोर्किलने त्याला विश्वासात घेतलं आणि कुणालाही न सांगण्याचं वचन घेतलं.

"बायकोचं चित्र?" मेस्टर म्हणाला. "किती बाय किती?"

"साधारण पन्नास बाय चाळीस सेंटिमीटर."

"मग एका सकाळचं काम आहे. आधी घासून घे, भेगांत लांबी भर, मग अस्तर, मग दोन हात. दोन हातांत चेहरा आला नाही तर तिसरा हात मारायचा. घाई करायची नाही, एवढंच."

टोर्किलने भीत भीत सांगितलं की चित्र मऊ हवं आहे, धुक्यातलं. मेस्टर आत गेला आणि एक रुंद ब्रश घेऊन आला. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा होता तो. साध्या पाइनच्या दारावर ओक लाकडाच्या खोट्या रेषा काढल्या की त्या ओल्या असतानाच हा ब्रश नुसता वरून फिरवायचा, मग रेषा विरघळल्यासारख्या होतात. या ब्रशाने मेस्टरने अर्ध्या ओडेन्सला ओकच्या दारांत राहत असल्याचं समाधान दिलं होतं. "दाबायचं नाही," त्याने बजावलं. "झोपलेल्या मांजरावरून हात फिरवतो ना, तिला जाग येऊ नये असा, तसा फिरव. चुकलं की फिरव. नाक वाकडं आलं, फिरव. मी चाळीस वर्षं असाच पोट भरत आलोय."

जागेचा प्रश्न राहिला. मेस्टरच्या मते उत्तरेचा उजेड पाहिजे, आणि अख्ख्या इमारतीत उत्तरेची खिडकी एकच, कपडे वाळत घालायच्या माळ्यावर. माळा वापरायला जिन्यातल्या तक्त्यावर वेळ लावायची असते. एलिनोर शनिवारी सकाळी गायनमंडळाला जायची, म्हणून टोर्किलने सगळे शनिवार आपल्या नावाने लावून टाकले आणि नोव्हेंबरात वर जाऊन बसला.

तिसऱ्याच शनिवारी सोसायटीच्या अध्यक्षबाई व्हिबेके माळ्याच्या बंद दाराबाहेर उभ्या. व्हिबेके स्वभावाने वाईट नव्हती. तिचा फक्त नियमांवर जीव होता, आणि ते सगळे नियम सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून टोर्किलनेच तिला लिहून दिले होते.

"टोर्किल, तीन शनिवार तू माळा घेतलायस आणि दोरीवर एक मोजा नाही. नियम काय आहे?"

"माळा फक्त ओल्या कपड्यांसाठी," टोर्किल आतून म्हणाला. कलम नऊ. त्याचंच.

त्यानंतर दर शनिवारी टोर्किल चार चादरी कपाटातून काढायचा, धुतलेल्याच पुन्हा धुवायचा आणि वर नेऊन चित्राभोवती वाळत घालायचा. तो चादरींच्या तंबूत बसून रंगवू लागला. हात लागला की चादरी हलायच्या, त्यांच्यातून तंतू सुटायचे आणि जवसाच्या तेलात कालवलेल्या ओल्या रंगावर अलगद येऊन बसायचे. टोर्किल ते चिमट्याने काढायचा, तर तेवढ्यात चार नवे बसायचे. डिसेंबरपर्यंत चित्रातल्या बाईच्या गालावर बारीक लव आली. घरी एलिनोर कपाट उघडून म्हणाली, "या चादरी विरत का चालल्यात?" टोर्किलने हल्लीच्या कापडाला नावं ठेवली.

मग वास सुरू झाला. टर्पेंटाइनचा वास लपत नाही. वरच्या दोन मजल्यांवरच्या लोकांच्या उशांच्या अभ्र्यांना तो यायला लागला, आणि जानेवारीच्या सभेत विषय क्रमांक चार आला. कोणी अज्ञात सभासद माळ्यावर ज्वालाग्राही द्रव्य वापरत असल्याची गंभीर नोंद घेण्यात आली. नोंद घेणारा टोर्किल. एकाने सुचवलं की अशा माणसाला शोधून त्याचा माळ्याचा हक्क काढून घ्यावा. टोर्किलने तेही लिहिलं. 'बेजबाबदार' या शब्दाला कुणी 'मूर्ख' अशी दुरुस्ती सुचवली, ती मंजूर झाली आणि त्याने आधीचा शब्द खोडून नवीन घातला. पण तो हाडाचा सेक्रेटरी होता. घरी येऊन त्याने सगळं स्वच्छ टंकलं आणि खाली सही केली.

त्याला खरा धक्का दिला तो व्हिबेकेच्या चादरीने. फेब्रुवारीत तिने मधल्या वारी धुणं वर टाकलं, खिडकी उघडी राहिली, वाऱ्याने चादर उडाली आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या चित्रावरचं फडकं पाडून थेट ओल्या चेहऱ्यावर जाऊन चिकटली. संध्याकाळी व्हिबेकेने ती ओढून काढली. चित्राकडे तिने बघितलंच नाही, कारण चादरीवर एका बाईचा चेहरा उमटला होता आणि तो तिच्याकडे बघत होता. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी चादर पाद्रीबाईंना दाखवावी असं सुचवलं. पाद्रीबाईंनी फोनवर साबण कुठला वापरता ते विचारलं.

टोर्किल शनिवारी वर गेला तर चित्रातला अर्धा रंग निघून गेला होता. नाकाची धार गेली होती, हनुवटी गेली होती, जे उरलं होतं ते चुलीवरच्या वाफेतून दिसल्यासारखं होतं. तो स्टुलावर बसला आणि त्याला रडू येईल असं वाटलं. मेस्टर धापा टाकत चार जिने चढून आला आणि बराच वेळ चित्रासमोर उभा राहिला.

"अरे," तो म्हणाला, "आत्ता कुठे जमायला लागलंय."

आणि तसंच होतं. चादरीने एका फटक्यात जे केलं ते टोर्किलला तीन महिन्यांत साधलं नव्हतं. आता त्याला फक्त डोळे करायचे होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी, सात पस्तीसला, दाराच्या काचेतून ऊन सरळ आरशावर आलं. एलिनोर स्कार्फची गाठ घालत होती. टोर्किलला दिसलं की राखाडी डोळ्यात एक तपकिरी ठिपका आहे. उजव्या डोळ्यात, खालच्या अंगाला, कॉफीचा थेंब उडावा एवढा. तो कोट धरून तसाच उभा राहिला. पंचवीस वर्षं हा ठिपका आपल्या घरात होता आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"बाही कुठेय?" एलिनोर मागे हात चाचपत म्हणाली. "झोपलास का?"

ऑफिसात त्याने मीटरच्या फॉर्मच्या पाठीमागे लिहिलं: उजवा डोळा, खाली, ठिपका एक. त्या शनिवारी त्याने तो लावला, सगळ्यात बारीक ब्रशाने, श्वास रोखून. त्यावरून मात्र बॅजर फिरवला नाही. चित्र पुरं झालं.

आता ते पूर्ण सुकेपर्यंत मे महिना येणार होता, म्हणून त्याने ते माळ्यावरच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं. नाव अर्थातच घातलं नाही, कारण नाव घातलं तर गुपित फुटणार. इथे त्याच्याकडून एक चूक झाली, आणि ती सोसायटीच्या नियमावलीत शब्दशः छापलेली आहे. कलम अकरा: माळ्यावरील ज्या वस्तूवर सभासदाचे नाव व मजला नसेल, ती वार्षिक श्रमदानाच्या दिवशी खाली आणून तिची विल्हेवाट लावण्यात येईल. हे कलम दोन वर्षांपूर्वी टोर्किलनेच सुचवलं होतं. त्या वेळी टाळ्या पडल्या होत्या.

एप्रिलच्या श्रमदानाला त्याची नेमणूक अंगणात सॉसेज भाजण्यावर झाली. लोक माळ्यावरून मोडक्या खुर्च्या, जुन्या स्की, कुणाचंतरी ॲकॉर्डियन उतरवत होते. टोर्किल चिमट्याने सॉसेज उलटत होता, आणि त्याने मान वर केली तर व्हिबेके त्याच्या बायकोला काखेत मारून जिन्यातून येत होती.

"हे कुणाचं?" तिने चित्र वर धरलं. सगळे भोवती जमले.

टोर्किलच्या तोंडापर्यंत शब्द आले होते. पण त्याने कबूल केलं असतं तर टर्पेंटाइनवाला मूर्ख सभासद कोण आणि चादर कुणी नासली हेही त्याच क्षणी कळलं असतं. एलिनोर तर दहा पावलांवर बटाट्याचं सॅलड वाढत होती.

"कुणाची तरी मावशी असणार," एकजण म्हणाला.

"आपली एलिनोर नाही ना ही?" दुसऱ्याने शंका काढली.

व्हिबेकेने चित्र लांब धरून न्याहाळलं. "छे! एलिनोरचा भांग दुसऱ्या बाजूला आहे. आणि ही बाई किती शांत दिसतेय."

लोकांनी वळून एलिनोरकडे पाहिलं, मग चित्राकडे, आणि नाही नाही म्हणत माना हलवल्या. पाच महिन्यांच्या मेहनतीनंतर आपल्या बायकोशी आपल्या चित्राचं काहीच साम्य नाही हे सर्वानुमते ठरताना टोर्किलला उभं राहून ऐकावं लागलं. मेस्टर एका कोपऱ्यात बिअर पीत होता. तो एवढंच म्हणाला, "काम मात्र कसबी हाताचं आहे. काय ओढलाय ब्रश!"

टाकून द्यावं की ठेवावं यावर मतदान झालं. धुण्याच्या खोलीत, तळघरात, ड्रायरच्या वर भिंतीला ओल आली होती आणि चित्राचा आकार नेमका तेवढाच होता. ठेवण्याच्या बाजूने नऊ, टाकण्याच्या बाजूने चार, तटस्थ एक. तटस्थाने मतं मोजली आणि नोंदवली. तेवढ्यात सॉसेज जळले, आणि त्याबद्दल त्याला अध्यक्षांनी तोंडी समज दिली.

गुरुवार हा एलिनोरचा धुण्याचा दिवस. त्या गुरुवारी ती तळघरातून वर आली ती रिकाम्या हाताने. धुणं खालीच विसरली होती.

"ती माळ्यावरची बाई तळघरात लावलीय ना, आज जवळून बघितली," ती म्हणाली.

"हं," टोर्किल म्हणाला.

"नीट दिसत नाही तिथल्या उजेडात, आणि धूळ पण बसलीय बरीच. पण मला ती ओळखीची वाटते रे. अगदी रोज कुठेतरी दिसते असं वाटतं. बस थांब्यावर असेल का?"

"असेल."

ती खुर्चीवर बसली. "कुणी काढलीय कोण जाणे. पण ज्याने काढली ना, त्याने तिच्याकडे बघितलंय. असं कुणी कुणाकडे बघतं का, टोर्किल? त्या बाईचं नशीब."

आणि तिने आपल्या नवऱ्याकडे बघितलं. तिचा सूर टोमण्याचा नव्हता, म्हणून तो त्याला जास्त लागला. ती बाई तू आहेस, हे सांगितलं तर पहिली गोष्ट म्हणजे ती तुझ्यासारखी दिसत नाही हे सोसायटीच्या ठरावात आलेलं होतं. तुझ्यासारखी दिसत नाही पण मीच काढली, असं सांगितलं तर मग ती कोण, हा प्रश्न येणार. टोर्किलने कितीतरी वाक्यं मनात जुळवली. शेवटी तो खाली जाऊन धुणं घेऊन आला.

पुढचे दिवस वाईट गेले. एलिनोर आठवड्यातून तीनदा धुऊ लागली. लोकरीचं विणकाम घेऊन ती ड्रायरसमोर स्टुलावर बसायची, आणि वर आली की बरं वाटल्यासारखी दिसायची. टोर्किलला मत्सर वाटू लागला. तो त्या चित्रकाराला पार कंटाळला. त्या माणसात असं काय होतं जे आपल्यात नव्हतं, असा विचार त्याच्या मनात एकदा खरोखर येऊन गेला आणि मग तो स्वतःवरच चिडून अर्धा तास फिरायला गेला.

त्यात एलिनोरने चित्रकार शोधून काढला. "मेस्टरच असणार," ती म्हणाली. "ब्रशाचं तो बोलला ना परवा? एकटा माणूस. कुणाची आठवण काढत बसला असेल." तिने त्याला सफरचंदाचा केक नेऊन दिला. पुढच्या आठवड्यात दुसरा.

टोर्किल रागारागाने तळमजल्यावर गेला. मेस्टर तिसऱ्या तुकड्यावर साय घालत होता.

"तुम्ही तिला सांगितलं का नाही, की मी नाही म्हणून?"

"वचन दिलंय ना तुला, तोंड उघडणार नाही म्हणून," मेस्टर म्हणाला. "केकसाठी उघडावं लागतं, त्याला इलाज नाही. बस. छान झालाय."

बावीस मे उजाडला. रुपेरी लग्नाच्या सकाळी शेजारी साडेसहाला येऊन दाराभोवती स्प्रूसच्या फांद्यांची कमान उभारतात, कागदी फुलं लावतात, पंचविसाचा आकडा टांगतात आणि बाहेर उभे राहून गातात. जोडप्याला यातलं काहीच माहीत नसतं, असं धरायचं. जिना अडवायची लेखी परवानगी टोर्किलनेच आठवड्यापूर्वी टंकून दिली होती. तरी तो पहाटे पाचपासून झगा घालून पॅसेजमध्ये उभा राहून दचकायची वाट बघत होता. गाणं सुरू झालं, एकाने ट्रम्पेट काढला, दार उघडलं, टोर्किल ठरल्याप्रमाणे दचकला, आणि चौदा माणसं ताज्या पावांचा वास घेत आत शिरली.

व्हिबेकेच्या हातात चादरीत गुंडाळलेली एक सपाट वस्तू होती.

"एलिनोर, तुला तळघरातली बाई किती आवडते ते सगळ्यांना माहीत आहे. मागच्या सभेत टोर्किलला बाहेर पाठवलं होतं ना, तो हाच विषय होता. सोसायटीतर्फे, एकमताने. चित्रकार अज्ञात!"

तिने चादर काढली. मेस्टरने आदल्या दिवशी ताज्या पावाचे मऊ गोळे फिरवून सगळी लव आणि धूळ टिपून घेतली होती, त्यामुळे चित्र आता खूपच उजळ दिसत होतं. ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून व्हिबेकेने ते आरशाशेजारच्या कपाटावर टेकवलं. टोर्किलकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आपल्याच लग्नात आपण काढलेलं चित्र आपल्याला अज्ञात चित्रकाराचं म्हणून भेट मिळताना त्याने आभार मानले.

"आता खेळ!" व्हिबेकेने टाळ्या वाजवल्या. "टोर्किल, पाठ कर. एलिनोरच्या डोळ्यांचा रंग?"

टोर्किल दाराकडे तोंड करून उभा राहिला. फडकं ओढायचा बेत केव्हाच गेला होता. पण उत्तर त्याच्याजवळ होतं, आणि त्याहून थोडं जास्तच होतं.

"राखाडी," तो म्हणाला. मागे कौतुकाची कुजबुज झाली. त्याने घसा साफ केला. "आणि उजव्या डोळ्यात एक तपकिरी ठिपका आहे. खालच्या बाजूला."

सगळे एलिनोरकडे वाकले. व्हिबेकेने चष्मा लावून दोन्ही डोळे तपासले.

"ठिपका आहे," तिने जाहीर केलं. "पण डाव्या डोळ्यात आहे, टोर्किल! डाव्या!"

हशाने जिना दणाणला. ट्रम्पेटवाल्याने एक पडका सूर काढला. टोर्किलने वळायचं धाडस केलं नाही. इतकं करून, मीठ सोडून, चार चादरी विरवून, स्वतःला मूर्ख म्हणून टंकून, शेवटी उत्तर चुकलंच. तो दाराच्या कडीकडे बघत उभा राहिला आणि त्याला फार एकटं वाटलं.

एलिनोर हसत नव्हती. तिने नकळत आरशात बघितलं, आपला ठिपका खरंच कुठे आहे ते बघायला. आरशात तो डावीकडे दिसला. मग तिची नजर शेजारी गेली. कपाटावरच्या बाईच्या डोळ्यातही ठिपका होता, डावीकडेच. भांग त्याच बाजूचा. भुवई त्याच बाजूची जरा वर. दोन चेहरे शेजारीशेजारी तिच्याकडे बघत होते, आणि ही बाई आपल्याला रोज कुठे दिसते ते तिला कळलं.

लोकांना तिची ओळख पटली नव्हती, कारण लोक तिला समोरून बघत होते. आरशातला हा उलटा चेहरा जगात दोघांनाच दिसत असे. एक ती स्वतः, आणि दुसरा तो, जो रोज सकाळी सात पस्तीसला तिच्या मागे उभा असे.

"टोर्किल," ती म्हणाली.

"हं."

"म्हणून तू इतका वेळ कोट धरून उभा असायचास. मला वाटायचं, तुला बाही सापडत नाही."

टोर्किलची पाठ हलली. मेस्टरने घाईघाईने सगळ्यांना सांगितलं की पाव गार होतायत, आणि लोकांना स्वयंपाकघराकडे लोटलं. काय झालं ते व्हिबेकेला कळलं नाही. तिला ते दुसऱ्या दिवशी कळलं, आणि टर्पेंटाइन, चादर व शनिवार असे तीन विषय तिने पुढच्या सभेसाठी लिहून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात पस्तीसला एलिनोर आरशासमोर उभी होती. टोर्किलने मागून कोट उघडा धरला. तिने स्कार्फची गाठ घातली, पण हात मागे नेले नाहीत. ती वळली आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली.

भांग एकदम दुसऱ्या बाजूला गेला. क्षणभर टोर्किलला ती अनोळखीच वाटली.

"बस यायला पाच मिनिटं आहेत," ती म्हणाली. "आता समोरून बघ."

त्याने बघितलं. ठिपका डाव्याच डोळ्यात होता. तोंडाला काही लागलंय का असं तिने विचारलं नाही, आणि सात चाळीसची बस त्या दिवशी दोघांचीही चुकली.